वॉर्ड या शब्दाची नोंद

३ मार्च, मंगळवार

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र उघडलं असशील, नाहीतर अक्षर ओळखूनच बाजूला ठेवलं असशील. उघडलं असशील असं धरून चालते. कामाचं पत्र आहे, घाबरू नकोस.

आमच्या कोशाचं काम आता डब्ल्यूपर्यंत आलं आहे. जुना इंग्रजी–मराठी कोश साठ वर्षांचा झाला, त्याची नवी आवृत्ती करतोय हे तुला माहीत आहे. म्हणजे तू होतीस तेव्हा आम्ही 'डी'त होतो, त्यावरून आमचा वेग समज. संपादकांनी शब्द वाटले तेव्हा माझ्या वाट्याला 'वॉर्ड' आला. "सोपा आहे बाई, दुपारच्या चहापर्यंत हातावेगळा होईल," म्हणाले. आज तेरावा दिवस आहे.

शब्द दिसायला एवढासा, पण त्याने घरं किती केलीत बघ. इस्पितळातला वॉर्ड सगळ्यांना माहीत. शहराचा वॉर्ड, निवडणुकीत उभे राहतात तो. कायद्यातला वॉर्ड म्हणजे पालकाच्या ताब्यात दिलेलं मूल. आणि एक कुलपातला. तो मला कधी ठाऊकच नव्हता. जुन्या पद्धतीच्या कुलपाच्या पोटात लोखंडाच्या कडा असतात, त्यांच्यामुळे भलती किल्ली आत गेली तरी फिरत नाही. त्या कडेला इंग्रजीत वॉर्ड म्हणतात. मी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेले. त्याने एक गंजकं कुलूप उघडून बोट ठेवून दाखवलं, "ही बघा. हिच्यासारखीच खाच किल्लीला असली तरच किल्ली फिरते."

"ह्या कडेला तुमच्यात काय म्हणतात?" मी वही काढून विचारलं.

"हिला? हिला काही म्हणत नाही. सगळ्याला मिळून कुलूप म्हणतो."

तर मराठी प्रतिशब्दाची बोंब आहे. मूळ मात्र सापडलं. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ राखण, आणि राखण करणाराही. पुढे कधीतरी तो उलटला आणि जिची राखण करायची तिलाही तेच म्हणू लागले. राखणारी आणि राखलेली, दोघींना एकच शब्द. मला ह्याची मोठी गंमत वाटली.

कामाचं विचारायचं होतं ते हे, की आम्ही नोंदीत वापराचं एकेक वाक्य देतो. तुझ्या पिढीला हा शब्द पहिल्यांदा कुठे भेटतो? तुला कुठे भेटला, आठवतं का?

लिफ्टच्या कंपनीत तुला बढती मिळाल्याचं कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. उंच इमारतींच्या त्या खड्ड्यात उतरताना पट्टा बांधत जा.

मावशी


१३ मार्च, शुक्रवार

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर आलं. कंपनीच्या नावाच्या कागदावर तीन ओळी. "वॉर्डचे सगळे अर्थ मला पाठ आहेत. तुझ्याच कोशात पाहिले होते. तुला खरं काय हवंय ते लिही, नाहीतर लिहू नकोस." पंधरा वर्षांनी तीन ओळी म्हणजे वर्षाला एका ओळीचा पावही भाग नाही, पण मी त्या कचेरीच्या जिन्यात उभी राहून चारदा वाचल्या. आमचे मुद्रितशोधक वर येत होते. म्हणाले, "काय बाई, चुका शोधताय?" मी म्हटलं, "नाही, एकही नाही."

तू बरोबर पकडलंस. लहानपणीही तुझ्यापुढे माझी डाळ शिजायची नाही.

तो शब्द तुला कुठे भेटला ते मला माहीत आहे. तू अठरा वर्षांची होतीस आणि वसतिगृहाचा फॉर्म इंग्रजीत होता. 'पालकाशी नातं' ह्या रकान्यात मी निळ्या शाईने चार अक्षरं लिहिली आणि सही केली. तू फॉर्म हातात घेऊन वाचलास आणि माझ्या टेबलावरचा जुना कोश ओढलास. त्यात लिहिलं होतं, 'पालकाच्या हवाली केलेलं अज्ञान मूल'. कायद्याच्या मराठीत लहान वयाच्या माणसाला अज्ञान म्हणतात. तुला हसू येईल असं मला क्षणभर वाटलं होतं. तू विचारलंस, "हवाली कोणी केलं? पोलिसांनी?"

मी म्हटलं, "कोर्टाचा शब्द आहे गं. तसंच लिहावं लागतं."

"भाची लिहिता आलं असतं. मुलगी लिहिता आलं असतं."

मग संध्याकाळी कपाटात तुझा जन्माचा दाखला शोधताना तुला ती दत्तकाची कागदपत्रं सापडली. वकिलाने टाईप केलेली, सात वर्षं जुनी, आणि माझ्या सहीची जागा कोरी. तू ती माझ्यासमोर धरलीस. "सात वर्षं तुला एक सही करायला वेळ झाला नाही?" असं तू म्हणालीस. मी म्हणाले, "तुला समजायचं ते समज." ह्या वाक्याचा मला पुढे किती पश्चात्ताप झाला ते कुठल्या कोशात मावणार नाही. तू तेच समजलीस आणि वसतिगृहात गेलीस ती परत आली नाहीस. कोणीही तेच समजलं असतं.

आणि त्यात जुनी गोष्ट मिळाली. तू अकरा वर्षांची असताना तापात मला 'आई' म्हणाली होतीस. मी तुझ्या कपाळावरची पट्टी बदलत म्हटलं, "आई नाही, मावशी." तू डोळे मिटलेस. पुन्हा कधी तसं म्हणाली नाहीस. लोक म्हणतात, माय मरो आणि मावशी उरो. मी उरले, आणि तापलेल्या पोरीची चूक सुधारत बसले. अशी कसली ही बाई, असं तुला वाटलं असेल.

पुढचं लिहायचं तर आधी चहा करते.


त्याच दिवशी, दुपारी चार

चहा झाला. दोन कप झाले. खुर्ची खिडकीकडे सरकवली, पुन्हा टेबलाकडे आणली. आता सरळ लिहिते.

तुझी आई जिवंत आहे.

हे वाक्य मी सत्तावीस वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. लिहून बघते तर साधं चार शब्दांचं आहे.

तू बस. उभी असशील तर बस. आणि मग पुढचं वाच.

तुझे बाबा अपघातात गेले, ते खरं आहे. तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. त्यानंतर ताई हळूहळू बदलत गेली. रेडिओतून आपल्याबद्दल बोलतात म्हणायची. भांडी झाकून ठेवायची, कोणी काही टाकेल म्हणून. तू सहा वर्षांची असताना एक दिवस तिने तुला घेऊन आतून कुलूप लावलं. बाहेर पाणी भरलंय, दार उघडलं तर बुडू, म्हणाली. दोन दिवस तिने दार उघडलं नाही. आजोबा बाहेर पायरीवर बसून होते आणि मी खिडकीतून बिस्किटं टाकत होते. शेवटी किल्लीवाल्याला बोलावून कुलूप काढलं. तू पलंगावर हातात लाटणं घेऊन बसली होतीस, वल्हं म्हणून.

तुला हे बोटीच्या खेळासारखं आठवतं, मला माहीत आहे. शाळेत निबंधात तू लिहिलं होतंस, 'आई आणि मी एकदा बोटीत राहिलो होतो.' बाईंनी लाल शाईने 'छान कल्पना' लिहिलं होतं. मी ती वही अजून जपून ठेवली आहे.

ताईला इस्पितळात नेलं. वॉर्ड नंबर चार, बायकांचा, लांब मुदतीचा. आणि घरी तू विचारलंस, आई कुठे? आजोबा म्हणाले, "आई गेली."

बघ आता आपली भाषा. 'गेली' म्हणजे गेली. गावाला गेली, बाजारात गेली, इस्पितळात गेली. मी मनाशी म्हटलं, म्हातारा खोटं काही बोललेला नाही. तू विचारलंस, "कुठे?" त्यांनी म्हटलं, "लांब." तुझा चेहरा बघून मला कळलं की तू काय समजलीस. मी तिथेच होते. सत्तावीस वर्षांची घोडी. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. आजोबांनी मला आत बोलावून सांगितलं, "वेडीची पोर म्हणून जन्मभर बोट दाखवतील लोक तिच्याकडे. झाकली मूठ राहू दे. ताई बरी होऊन आली की सांगू, परत आली म्हणून." मला पटलं. दोन महिन्यांचाच प्रश्न आहे असं वाटलं होतं. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली, मग तू निबंधात 'माझी आई वारली' असं लिहिलंस आणि कोणी खोडलं नाही. खोटं हे असं, न बोलताही वाढतं.

आजोबांवर सगळं ढकलत नाही. ते जाऊनही आता अकरा वर्षं झाली. ह्या अकरा वर्षांचं खोटं शंभर टक्के माझं.

दर गुरुवारी मी कचेरीत जादा काम आहे सांगून जायचे, ते वॉर्ड चारमध्ये. "तुला गुरुवारी माणसांपेक्षा शब्द जास्त लागतात," असं तू म्हणायचीस. मी ते ऐकून घ्यायचे. 

आता ते कागद. तू अकरा वर्षांची झालीस तेव्हा वकील म्हणाले, कोर्टाने तुम्हाला नुसतं पालक नेमलंय, दत्तक घ्या म्हणजे मुलीचं सगळं पक्कं होईल. आईची संमती लागेल. मी कागद घेऊन ताईकडे गेले. तिचा तो बरा दिवस होता. तिने चष्मा मागून घेतला, दोन्ही पानं नीट वाचली. आणि सहीच्या जागी सही न करता जे लिहिलं, ते पान मी ह्या पाकिटात घातलं आहे. तुला कपाटात मिळालं ते पहिलं पान. हे दुसरं. मी ते आधीच काढून ठेवलं होतं, कारण त्यावर 'जन्मदात्या आईची संमती' छापलेलं होतं.

अक्षर कापरं आहे, म्हणून इथे उतरवून देते. "सांभाळ. घेऊन टाकू नकोस. मी येईन."

मी तिला शब्द दिला. त्यानंतर चारच दिवसांनी तुला ताप आला आणि तू मला आई म्हणालीस. आता तरी कळलं का मी पट्टी बदलताना काय करत होते? ती जागा मी तिच्यासाठी धरून ठेवली होती. बसमध्ये पिशवी ठेवून जागा धरतात ना, तशी. आणि धरता धरता तू मात्र उभी राहिलीस, ते मला दिसलं नाही.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी नवे डॉक्टर आले, त्यांनी औषधं बदलली. ताईला फरक पडला. पहिल्या वर्षी मी विश्वास ठेवला नाही, कारण आधी दोनदा तोंडघशी पडले होते. पण ती आता वर्तमानपत्र वाचते आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मला दाखवते. वॉर्ड चार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बंद होतोय. ज्यांना घर आहे त्यांना घरी पाठवणार आहेत. मी म्हटलं, आहे.

काल गुरुवारी मी आधी तिला सांगितलं. म्हणजे तिच्या मुलीला काय सांगून ठेवलं होतं ते. इतकी वर्षं ती विचारायची, पोर का येत नाही, आणि मी म्हणायचे, परीक्षा आहे.

ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. मी मेलेय असं सांगितल्याशिवाय ती यायची थांबली नसती. एवढी कुठे कोणाची सदोदित परीक्षा असते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं तोंड इतकं थकलेलं असायचं, म्हटलं हिला आणखी कशाला."

म्हणजे बघ, मी तिला सांभाळायला जात होते.

आता तुला काय हवं ते कर. आलीस तर बरं. नाही आलीस तरी तुला कारण विचारणार नाही. तो हक्क मी घालवला आहे. मात्र हे पत्र लिहून संपवताना खोटं बोलणार नाही. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटतंय. तो आता तुझ्या छातीवर ठेवला असेल, त्याची क्षमा माग म्हणशील तर मागते.

वॉर्ड चारचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. भेटीची वेळ दहा ते पाच.

मावशी


२० मार्च, शुक्रवार

प्रिय भिंगरी,

मंगळवारी तू येऊन गेलीस आणि मला गुरुवारी कळलं!

मी नेहमीप्रमाणे अकरा वाजता पोचले. वॉर्डच्या दारात सिस्टर उभ्या. गेली नऊ वर्षं त्या मला बघताहेत, पण काल त्यांची नजर काही वेगळीच होती. मला वाटलं, ताईचं काही झालं. त्या म्हणाल्या, "परवा एक मुलगी आली होती. खांद्याला हत्यारांची पिशवी. दारातून आत येईना आणि दारातून जाईना. मी विचारलं, कोण हवंय? तर म्हणाली, ते बघायलाच आलेय."

मी धावत आत गेले. ताई पलंगावर बसून सफरचंद खात होती. मी विचारलं, "आली होती?"

"आली होती."

"मग?"

"मग काय. उभी राहिली. मी म्हटलं, बस. बसली. मला म्हणाली, मला ओळखलंस? मी म्हटलं, नाही."

"ताई!"

"अगं, खोटं कशाला बोलू? मी शेवटचं पाहिलं तेव्हा तिला पुढचे दोन दात नव्हते. तर ती म्हणाली, मी पण तुला नाही ओळखलं. आणि मग आम्हाला हसू आलं. आधी तिला आलं. मग मला. थांबेचना. ह्या सिस्टर धावत आल्या, त्यांना वाटलं मला पुन्हा काही होतंय."

सिस्टर मागून म्हणाल्या, "सत्तावीस वर्षांत ह्या अशा हसल्याची एक नोंद नाही कागदांत. मी घाबरणार नाही तर काय?"

मी पलंगाच्या कडेवर बसले आणि रडले. तिघींत मीच रडले. ताईने मला सफरचंदाची फोड दिली.

तुझं नि तिचं जे बोलणं झालं ते तुझं तुला माहीत आहे, पण ताईने मला एक गोष्ट सांगितली आणि ती तू तिला विचारलीस म्हणून सांगितली असं म्हणाली. तू विचारलंस ना, की ती बोट खरी होती की आजाराची? मी तर तुला सरळ लिहून टाकलं होतं की तो खेळ नव्हता. शब्दांचे अर्थ लावायची मला इतकी सवय, पण इथे मी अर्धाच लावला होता. ताई म्हणाली, "पाणी मला खरंच दिसत होतं. दाराखालून येत होतं. पोरगी रडायला लागली. म्हटलं, हिला भीती वाटायला नको. म्हणून पलंगाची बोट केली. पाणी आजाराचं होतं. बोट माझी होती."

मी सत्तावीस वर्षं दाराच्या बाहेरच्या बाजूने ही गोष्ट पाहत होते. आतून ती अशी होती. डोकं ठिकाणावर नसतानाही ती बाई राखण करत होती, आणि मी समजत होते राखण करणारी मी.

कचेरीत आज संपादकांनी विचारलं, "वॉर्ड संपला का? प्रेस थांबलाय." मी नोंद दिली. कायद्याच्या अर्थापुढे 'अज्ञान' काढून टाकलं आणि 'सांभाळायला सोपवलेलं मूल' असं लिहिलं. ते म्हणाले, "कायद्यात सांभाळ हा शब्द बसत नाही." मी म्हटलं, "मग कायद्याला सरकून बसायला सांगा." मुद्रितशोधक इतके हसले की त्यांचा चहा प्रुफांवर सांडला. नोंद गेली. खाली मूळ देताना हेही दिलं की 'गार्ड' आणि 'वॉर्ड' मुळात एकच. एक घरीच राहिला, दुसरा फ्रेंचांकडे जाऊन डब्ल्यूचा जी होऊन परत आला. म्हणून पालकाला गार्डियन म्हणतात आणि मुलाला वॉर्ड, आणि वरवर बघणाऱ्याला त्यांचं काही नातं आहे असं वाटतही नाही.

तू मला भेटायला थांबली नाहीस. मंगळवार तू मुद्दाम निवडलास, मला कळलं. राग आहे तो असू दे. सिस्टरकडे तू ताईला घरी न्यायचा दिवस विचारून घेतलास, हेही मला कळलं. शनिवार, चार एप्रिल. सकाळी दहा.

तुझी मावशी


१२ एप्रिल, रविवार

प्रिय भिंगरी,

परवा तू गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. सहा दिवस तीन माणसं म्हणजे बाथरूमला रांग, चष्मे कोणाचे कोणाकडे, आणि प्रत्येकीची चहाची वेगळी वेळ. आता दोघीच आहोत, तरी ताई तुझा कप धुऊन ओट्यावरच ठेवते. आत ठेव म्हटलं तर म्हणते, लागेल.

तू होतीस तेव्हा बोलायचं राहिलं ते लिहिते. तोंडावर बोलायला मी अजूनही कच्ची आहे.

त्या शनिवारी इस्पितळाच्या दारात तू उभी होतीस. मला बघून नुसती मान हलवलीस आणि ताईची ट्रंक उचललीस. टॅक्सीत तू पुढे बसलीस. मी मागे ताईचा हात धरून तुझ्या मानेकडे बघत होते. केस कापलेत, चांगले दिसतात. हे तेव्हाच म्हणायचं होतं.

मग आपल्या इमारतीच्या लिफ्टपाशी ताई थबकली. "पेटीत नाही जायचं मला," म्हणाली. मला वाटलं, झालं, पहिल्याच पावलाला अडलं. तू दिवसभर लिफ्टांत काम करणारी बाई. तू समजावशील, बटणं दाखवशील, सुरक्षित असते म्हणशील. तू मात्र ट्रंक डोक्याएवढी उचलून खांद्यावर घेतलीस आणि म्हणालीस, "मलाही आवडत नाही. जिन्याने जाऊ." तीन मजले. प्रत्येक वळणावर ताई थांबायची आणि तू त्या मजल्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायचीस, दंतवैद्य, शिवणक्लास, कुत्र्यापासून सावध, म्हणजे तिला वाटावं की आपण पाट्या वाचायलाच थांबलोय. ही युक्ती तुला कोणी शिकवली? मी नाही शिकवली.

आणि ताई आत जाऊन खोल्या बघत होती तेव्हा आपण दोघी स्वयंपाकघरात राहिलो. मला वाटलं, आता हिला काहीतरी म्हणावं. सत्तावीस वर्षं शब्दांची नोकरी केली आणि एक सापडेना. तूच म्हणालीस, "मी माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मला अजून तुझा खूप राग येतो. सकाळी दात घासतानासुद्धा येतो."

"येऊ दे."

"येऊ दे काय! काहीतरी बोल ना."

मग मी म्हटलं, "तुला मुलगी लिहायचं होतं. ताईला दिलेला शब्द आठवला, म्हणून चारच अक्षरं लिहिली." तू मग नाक पुसलंस आणि म्हणालीस, "चहा कर. साखर कमी." मी पातेलं ठेवलं. तुझी साखर कमी झाल्याचं मला माहीत नव्हतं. अशा काय काय गोष्टी मला माहीत नाहीत, त्या एकेक सांग. घाई नाही.

त्या दिवसापासून मला मोकळा श्वास घेता येतो. गुरुवारी सवयीने पिशवी घेऊन निघाले, दारापर्यंत गेले, आणि आठवलं की जायचं कुठेच नाही. परत आले. तुम्ही दोघी टेबलाशी कोडं सोडवत होता आणि कोणी वर बघितलंही नाही. इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नसेल.

ताईचं ठीक चाललंय. औषधं वेळेवर घेते. काल पोस्टमनशी तिने ओळख काढली. रेडिओ लावायचा का विचारलं तर म्हणाली, "लाव, पण बातम्या नको, गाणी." डॉक्टरांनी सांगितलंय, वाईट दिवस येतील, घाबरू नका. आले तर तुला लगेच कळवीन. आता काहीही झालं तरी लगेच कळवीन. हे लेखी देते आहे.

शनिवारी फोन करीन म्हणालीस, त्याची वाट बघते. खरं तर मी बघत नाही असं दाखवते आणि ताई उघडपणे बघते.

हे पत्र मी बंद करत होते तर तिने पेन मागितलं. "मी पण लिहिते दोन ओळी," म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाते, म्हणजे मला दिसणार नाही.

तुझी
मावशी

*

भिंगरी,

हिने मला लोकर आणि सुया आणून दिल्या. तिथे सुया देत नव्हते. तुझ्यासाठी पायमोजे विणायला घेतले आणि टाके घालताना लक्षात आलं की माझ्याकडे तुझ्या पायाचं माप आहे ते सहाव्या वर्षाचं. तेवढंच पाठ आहे. ते आता अंगठ्यालाच पुरेल.

कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ काढ आणि पाठव. दोन्ही पायांची.

आई